विकलेले ऋण आणि ऋणकोचे उत्तर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन आपल्याकडील पांढरपेशा घरांत वडिलांनी मुलास आणि सासऱ्याने जावयास सांगितलेले आहे. वतनाच्या, वाटणीच्या व बांधाच्या भांडणांत दोन दोन पिढ्यांची कमाई खर्ची पडलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या अनुभवातून ते निघाले आहे; आणि जो आपण होऊन फिर्याद करावयास निघाला आहे, त्याच्यापुरते ते खरेही आहे. परंतु ज्याच्या दारी दुसऱ्याच्या फिर्यादीचे समन्स येऊन पडले, त्याला ही म्हण काय सांगते? पायरी चढावी की न चढावी, ही निवड त्याच्या हाती उरलेलीच नसते. तो गेला नाही तरी खटला चालतोच. फरक इतकाच, की तो त्याच्याविना चालतो. तरीही पुष्कळ शहाणी माणसे अशा वेळी गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याला कधी प्रतिष्ठा, कधी निरुपाय, तर कधी प्रामाणिकपणा असे नाव देतात. यांपैकी शेवटचे नाव कितपत यथार्थ आहे, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. त्यासाठी कर्जाच्या दाव्याचा एक विशेष प्रकार घेऊ, कारण त्यात हा प्रश्न अत्यंत तीव्र स्वरूपात उभा राहतो. तो प्रकार म्हणजे, मूळ सावकाराकडून कर्ज विकत घेतलेल्या व्यापाऱ्याने ऋणकोवर लावलेला दावा.

हा व्यापार विशेष भरभराटीस आला आहे तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तेथील मध्यमवर्गीय कुटुंबाचा बराचसा संसार क्रेडिट कार्डावर चालतो. आजारपण, नोकरी जाणे, घटस्फोट यांपैकी एखादे संकट कोसळले की कार्डाची देणी थकतात. ती थकून १८० दिवस लोटले म्हणजे बँकेला ते येणे आपल्या हिशेबात बुडीत दाखवावे लागते. बुडीत दाखविले म्हणजे माफ केले, असे मात्र नव्हे. बँक पुढेही वसुली करू शकते. किंवा अशी हजारो बुडीत खाती एकत्र करून त्यांचा गठ्ठा विकून टाकू शकते. गठ्ठा हा शब्द आम्ही सवयीने वापरला. वस्तुतः तो बहुधा नावे, पत्ते व रकमा यांचा संगणकावरील एक तक्ता असतो. विकत घेणारा कधी तो तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. अखेर ज्याच्या हाती तक्ता राहतो तो दावा लावतो, आणि ज्याचे नावही ऋणकोने कधी ऐकले नाही असा वादी त्याच्यापुढे येऊन उभा राहतो.

या तक्त्यांना भाव काय येतो? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या धंद्यातील मोठ्या कंपन्यांकडून माहिती मागवून २०१३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. पाच हजारांहून अधिक गठ्ठ्यांच्या खरेदीचा त्यात हिशेब आहे. त्यावरून असे दिसते, की दर्शनी एका डॉलरच्या कर्जास सरासरी ४ सेंट इतकी किंमत पडली; कर्ज जितके जुने तितकी ती आणखी उतरली. बहुतेक गठ्ठ्यांबरोबर खरेदीच्या वेळी मूळ करारपत्रे किंवा खात्याचे उतारे यांपैकी काहीच आलेले नव्हते. शिवाय, तक्त्यातील आकडे बिनचूक आहेत अशी हमी आपण देत नाही, असे विकणाऱ्या बँकाच विक्रीपत्रांत पुष्कळदा लिहून ठेवीत. आता याच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवावी. प्यू या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार, तेथील राज्यांच्या न्यायालयांत दाखल झालेल्या कर्जवसुलीच्या दाव्यांची वार्षिक संख्या १९९३ साली सतरा लाखांहून कमी होती, ती २०१३ पर्यंत सुमारे चाळीस लाखांवर गेली. उपलब्ध आकड्यांवरून पाहता, अशा दाव्यांपैकी शेकडा सत्तरांहून अधिक एकतर्फी निकालात निघाले, आणि शेकडा दहा प्रतिवाद्यांनाही वकील लाभला नव्हता.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे व्यापाराचे मर्म ध्यानात येते. ज्या कर्जाचे कागद हाती नाहीत, ज्याचा आकडा विकणाऱ्यासही शपथेवर सांगता येत नाही, ते शंभरास चार या भावाने घेऊन दावे लावणे फायद्याचे ठरते, याचे एक मोठे कारण प्रतिवादी उत्तर देत नाही हे होय. उत्तर न आल्यास न्यायालय वादीचे म्हणणे कबूल झाले असे धरते. मग खरेदीखतांची साखळी, मूळ करार, हिशेबाचे उतारे यांची झडती घेणारा कोणी उरत नाही. व्यापारी विकत घेतो ते कर्ज खरे, पण त्याबरोबर ऋणकोचे मौनही तो गृहीत धरून घेतो. आणि पुरावा नसलेल्या कर्जाच्या बाबतीत तर त्या मौनाचीच किंमत अधिक असते.

येथे एक सरळ मनाचा वाचक आम्हांस अडवील, आणि त्याचा आक्षेप हलका नाही. तो म्हणेल, "घेतले ते फेडावे, हा धर्म आहे. कार्डावर धान्य घेतले, कपडे घेतले, मुलांच्या शाळेचा खर्च भागविला. ते सर्व उपभोगून झाले. आता कागद कोणाच्या हाती गेला आणि त्याने तो किती स्वस्तात घेतला, याची उठाठेव ऋणकोने का करावी? जुन्या बाजारात कोणी हिरा काचेच्या मोलाने मिळविला, तर तो त्याने काचेच्या मोलानेच विकावा असे आपण म्हणत नाही. मग पुरावा दाखवा, मुदत मोजा, असे म्हणणे म्हणजे वकिली चलाखीने देणे बुडविणेच नव्हे काय?"

या आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे. घेतलेले फेडावे, याविषयी दोन मते असू शकत नाहीत. ऋण हे आपल्या परंपरेत केवळ व्यवहाराचे नाव नाही; देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशा शब्दांनी माणसाचे अवघे जीवनच आपण ऋणाच्या भाषेत सांगत आलो. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे हिंदु धर्मशास्त्राने पुण्यकर्तव्य मानले, आणि २००५ च्या दुरुस्तीने ते बंधन पुढील कर्जांपुरते दूर होईपर्यंत न्यायालयेही ते मान्य करीत. परंतु फेडावे या क्रियापदाला कर्म आहे तसे संप्रदानही आहे. काय फेडावे, किती फेडावे, कोणास फेडावे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून फेडणे ही क्रिया पुरीच होत नाही. भलत्यास दिलेले पैसे हे ऋणमोचन नव्हे. आणि शंभराचे देणे असता तीनशे देणे ही सचोटी नव्हे, बेहिशेबीपणा होय.

कोणास फेडावे हा प्रश्न तर फार प्राचीन आहे. रोमन कायद्यात ऋण हे दोन विशिष्ट माणसांना बांधणारे बंधन मानीत, म्हणून ते तिसऱ्याला सरळ विकता येत नसे. व्यापाराच्या गरजेने हळूहळू आडवाटा निघाल्या आणि येणी विकली जाऊ लागली. तेव्हा दुसऱ्यांची वादग्रस्त येणी स्वस्तात घेऊन ऋणकोंना न्यायालयात ओढणारा एक वर्ग निर्माण झाला. त्यावर इ. स. ५०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या अनास्तासियस बादशहाने कायदा केला, की येणे विकत घेणाऱ्याने स्वतः दिलेली किंमत व तीवरील व्याज यांपेक्षा अधिक रक्कम ऋणकोकडून मागू नये. या कल्पनेचे वंशज अजून जिवंत आहेत. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेत आणि तिच्या वळणावर गेलेल्या अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या संहितेत, वादात पडलेला हक्क कोणी विकत घेतला असेल तर त्याची खरेदीची किंमत देऊन प्रतिवादीला सुटका करून घेता येते. मात्र हक्क विक्रीच्या वेळीच वादात असावा लागतो; त्यामुळे दाव्यापूर्वी विकलेल्या कर्जाच्या ऋणकोला त्याचा सहसा उपयोग होत नाही. आपल्या वाचकांस हे ऐकून नवल वाटेल, की हिंदुस्थानच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातही मूळच्या १३५ व्या कलमात, काही अपवाद सोडून, हाच नियम होता; १९०० साली ते प्रकरण नव्याने लिहिले गेले तेव्हा तो गळाला.

अनास्तासियसाचा नियम सर्वत्र पुन्हा आणावा, असे आमचे म्हणणे नाही. हिऱ्याच्या दृष्टान्तात तथ्य आहे, आणि येणी विकली जाऊ शकतात म्हणूनच बँका कर्जे देण्यास धजतात, हेही खरे. परंतु हिरा आणि ऋण यांत एक भेद आहे. हिरा विकत घेणारा त्या हिऱ्याकडून काही मागत नाही. ऋण विकत घेणारा एका जिवंत माणसाकडून मागतो. म्हणून त्या माणसाला विचारण्याचा अधिकार येतो. तो अधिकार आजचा कायदाही नाकारीत नाही. आपल्या त्याच कायद्याच्या १३२ व्या कलमात असे म्हटले आहे, की येणे घेणारा ते मूळ धनकोवर जी जी बंधने व जे जे प्रतिहक्क होते त्यांसह घेतो. आणि अमेरिकेतही खरेदीदार विकणाऱ्याच्याच जागी उभा राहतो, त्याहून उंच नव्हे, असे तत्त्व आहे. विकल्याने कर्ज शुद्ध होत नाही. त्यातील चूक, दुबार आकारणी, आधीच केलेला भरणा, हे सर्व दोष त्याच्याबरोबर प्रवास करतात. ते दोष दाखविणे ही चलाखी कशी ठरेल?

आता मौनाकडे वळू. मौनाचा परिणाम काय होतो, हे शिकण्यास महाराष्ट्राला अमेरिकेस जावयास नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत ते लोण पसरले. या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः एका वस्तूवर होता: कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती आले की त्यांची होळी होई. न मिळाले तरच बहुधा मारहाणीचा प्रसंग येई. चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनला असे आढळले, की सावकारांचे बहुतेक दावे एकतर्फी निकालात निघत. शेतकऱ्याला समन्स कळत नसे, किंवा कळले तरी जाण्याचा उपयोग नाही असे तो समजे. आणि ज्या कागदावर त्याने अंगठा उठविला होता त्यातील आकडा न्यायाधीशाच्या हुकमाने अढळ सत्य होऊन बसे. जे तो न्यायालयात बोलला नाही, ते त्याने सुप्यास आगीच्या भाषेत बोलून दाखविले.

त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याची दिशा या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. रोख्यावर लिहिले तेवढे न पाहता, व्यवहाराचा उगमापासूनचा इतिहास न्यायालयाने स्वतः तपासावा, आणि प्रतिवादीला बोलावून साक्षीदार म्हणून त्याची जबानी घ्यावी, असे त्यात सांगितले. म्हणजे ऋणकोचे मौन ही कबुली नव्हे, ते मौन फोडणे हेच न्यायाधीशाचे काम, असे कायद्याने मानले. अमेरिकेतील आजच्या प्रतिवादीला असा न्यायाधीश बहुधा लाभत नाही. काही राज्यांनी अलीकडे कर्ज विकत घेणाऱ्यांकडून अधिक कागद मागण्यास आरंभ केला आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२१ साली तसा कायदा करून ग्राहककर्जाच्या दाव्याची मुदतही तीन वर्षांवर आणली. तथापि सर्वसाधारण नियम हाच, की प्रतिवादीने स्वतः उठून बोलावे.

मग बोलावे ते काय? येथे आमच्या जुन्या धर्मशास्त्राने जी व्यवस्था लावून दिली आहे ती आजही उपयोगी पडण्यासारखी आहे. याज्ञवल्क्याने व्यवहाराचे, म्हणजे खटल्याचे, चार पाद मानले: भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धी, आजच्या शब्दांत फिर्याद, कैफियत, पुरावा आणि निकाल. उत्तर हा त्यातील स्वतंत्र पाद आहे. तो नसेल तर व्यवहार लंगडा. मिताक्षरेत उत्तराचे चार प्रकार विवरिले आहेत. वादी म्हणतो ते खरे आहे, हे सत्योत्तर अथवा संप्रतिपत्ती. ते खोटे आहे, हे मिथ्योत्तर. घेतले होते खरे, परंतु फेडले, किंवा अन्य कारणाने देणे उरले नाही, हे कारणोत्तर. आणि याच बाबतीत पूर्वीच निकाल झाला आहे, हे प्राङ्न्यायोत्तर. उत्तर कसे असावे याविषयीही अपेक्षा स्पष्ट आहे: त्याने फिर्यादीतील सर्व म्हणणे व्यापावे, त्यात संदिग्धता नसावी, आणि एका वाक्याने दुसरे खोडले जाऊ नये. शिवाय, फेडले असे जो म्हणतो त्याच्यावरच ते शाबीत करण्याचा भार पडतो. हे वाचताना असे वाटत नाही, की शास्त्रकारांस प्रतिवादी म्हणजे देणे चुकविणारा असे अभिप्रेत होते. सत्य काढण्याच्या कामात तो त्यांच्या दृष्टीने अर्धा भागीदार आहे.

अमेरिकेतील प्रतिवादीने द्यावयाची कैफियत याच जातीची असते. समन्स बजावल्यापासून पुष्कळ राज्यांत वीस किंवा तीस दिवसांची मुदत असते, आणि ती समन्सावरच लिहिलेली असते. त्या मुदतीत फिर्यादीतील एकेका कलमाला लेखी उत्तर तयार करून ते न्यायालयात दाखल करावयाचे आणि त्याची नक्कल वादीच्या वकिलाला पाठवावयाची. वसुली करणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले, किंवा दूरध्वनीवर बोलणे झाले, म्हणजे उत्तर दिले असे होत नाही. या समजुतीने अनेकांची मुदत निघून जाते. प्रत्येक कलमाला तीनच प्रकारचे उत्तर संभवते: कबूल, नाकबूल, किंवा कबूल-नाकबूल करण्याइतकी माहिती मजपाशी नाही. या तिसऱ्या उत्तराकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अमक्या बँकेचे कार्ड आपण घेतले होते, हे माणसाला ठाऊक असते. ते त्याने नाकारू नये. परंतु ते खाते अमक्या तारखेस अमक्यास, त्याने पुढे तमक्यास विकले, आणि आज त्यावर व्याजासह इतके डॉलर येणे आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. तेथे ठाऊक नाही, वादीने सिद्ध करावे, एवढेच खरे उत्तर आहे. गप्प बसणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने हे सर्व कबूल करतो. म्हणजे जे त्याला माहीत नाही ते खरे आहे अशी साक्ष देतो. सत्याच्या बाजूने पाहिले तर अशा मौनापेक्षा मला ठाऊक नाही हे वाक्य अधिक प्रामाणिक आहे.

यावरून उत्तराची नैतिक मर्यादाही निश्चित होते. पुरावा मागणे निराळे आणि खोटे बोलणे निराळे. कार्ड घेतलेले असता घेतलेच नाही असे शपथेवर सांगणारा, किंवा सही आपली असता ती बनावट म्हणणारा, हा वादीइतकाच, किंबहुना अधिक दोषी होय. वादीजवळ कागद नाहीत म्हणून आपण काहीही म्हणावे, अशी मुभा आम्ही कोणास देत नाही. ज्या न्यायाने आकडा तपासून घ्यावा असे आम्ही म्हणतो, त्याच न्यायाने तपासाअंती जो खरा निघेल तो आकडा मान्य करावा, आणि ऐपत नसल्यास तसे सांगून हप्ते ठरवावे, हेही आम्ही म्हणतो.

सर्वांत अवघड प्रश्न मुदतीचा आहे. कर्ज खरे आहे, रक्कम खरी आहे, वादीही खरा आहे. परंतु कायद्याने ठरविलेली वर्षे उलटून गेली आहेत. अशा वेळी मुदतीचा बचाव घ्यावा काय? आपल्याकडे १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे प्रतिवादी बोलो वा न बोलो, मुदतीबाहेरचा दावा न्यायालयाने काढूनच टाकावयाचा आहे. अमेरिकेत तसे नाही. ३० नोव्हेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या तेथील नियमान्वये मुदतबाह्य कर्जासाठी दावा लावण्यास किंवा तशी धमकी देण्यास वसुलीदारांना बंदी आहे. तरीही दावा लागलाच तर प्रतिवादीने कैफियतीत तो मुद्दा काढावा लागतो, नाहीतर तो हातचा जातो. आमच्या मते हा मुद्दा काढण्यात असत्य काही नाही. किती वर्षे झाली हे सांगणे म्हणजे घडलेलीच गोष्ट सांगणे होय. मुदतीचा नियम ऋणकोवर कृपा म्हणून झालेला नाही. काळाबरोबर पावत्या हरवतात, साक्षीदार मरतात, आठवणी पुसतात, आणि मग खोटा दावा खऱ्यासारखाच दिसू लागतो, म्हणून तो झाला आहे. वर्षानुवर्षे स्वस्थ बसून, पुरावा विरल्यावर जागे होणाऱ्याची तक्रार न्यायाने ऐकलीच पाहिजे असे नाही.

परंतु मुदतीने दावा मरतो, ऋण मरत नाही, हेही तितकेच खरे. आमचा १८७२ चा कराराचा कायदा हे जाणतो. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने स्वहस्ते लिहून व सही करून दिले, तर त्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे ते बंधनकारक होते. म्हणजे सक्ती संपल्यावरही स्वेच्छेला कायद्याने दार उघडे ठेविले आहे. ज्याला आपले जुने देणे डाचत असेल त्याने ते दार अवश्य वापरावे; मात्र डोळे उघडे ठेवून वापरावे, कारण अमेरिकेतील काही राज्यांत भीतीपोटी दिलेला अल्पसा हप्ताही गेलेली मुदत परत आणतो. सदसद्विवेकाने फेडणे आणि धाकाने फेडणे यांत, पैसे तेच असले तरी, कर्म एक नव्हे.

एवढे सगळे असता लोक उत्तर का देत नाहीत? काहींना समन्स मिळतच नाही; बजावणी न करताच बजावली असे खोटे लिहून देण्याच्या प्रकाराला अमेरिकेत 'गटारातील बजावणी' असे नावच पडले आहे. काहींना रजा मिळत नाही, काहींना कागदाची भाषा कळत नाही. परंतु सुशिक्षित माणसाच्या बाबतीत खरे कारण आमच्या मते लाज हे आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांसही हे लागू आहे. नोकरी सुटलेली, कार्डे थकलेली, आणि इकडे आईवडिलांना सर्व ठीक आहे असे कळविलेले. अशा घरात समन्सचे पाकीट आले तर ते न फोडताच खणात ठेवले जाते. ज्याचे देणेच नाही, केवळ नामसादृश्याने ज्याच्यावर दावा आला आहे, असा मनुष्यही पुष्कळदा तसेच करतो. कारण आरोप खोटा असला तरी लाज खरी वाटते. अब्रू जपण्यासाठी गप्प बसलेल्या त्या माणसावर मग एकतर्फी हुकूमनामा होतो. आणि ज्या राज्यांत तशी मुभा आहे तेथे कायद्याने सक्तीच्या कपाती वजा जाता उरणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जप्तीचा हुकूम थेट मालकाच्या कचेरीत जाऊन पोचतो. जी गोष्ट घरातही बोलावयाची नव्हती, ती अशा रीतीने कचेरीतल्या खजिनदाराला कळते.

आता हा व्यापार आपल्याही दारी आला आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बुडीत कर्जे विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना आपल्या देशात रीतसर स्थान मिळाले. आणि ज्या बँकेकडून कर्ज घेतले तिच्याऐवजी भलत्याच नावाची नोटीस येण्याचा अनुभव येथील कुटुंबांसही येऊ लागला आहे. नोटीस कोणाची, विक्रीचा लेख कोठे आहे, हिशेब कसा लावला, हे विचारण्यात बेअदबी नाही. दावा आल्यास आपल्याकडे कैफियतीस साधारणतः तीस दिवस असतात; आणि लेखी करारावरील संक्षिप्त दाव्यात तर हजर होण्यास केवळ दहाच.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या त्या म्हणीला आम्ही एक पुरवणी सुचवितो. शहाण्याने आपण होऊन कोर्टाची पायरी चढू नये, हे ठीक. परंतु दुसऱ्याने बोलाविले असता ती टाळूही नये. घरात असे पाकीट आले तर ते त्याच दिवशी फोडावे, तारीख पाहावी, आणि ज्याच्या नावे आले त्याला एकट्याला त्याच्यापाशी बसू देऊ नये. देणे असेल ते देणे आहे म्हणून सांगावे, नसेल ते नाही म्हणून सांगावे, आणि ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणून सांगावे. त्यानंतर न्यायालय जे ठरवील ते द्यावे लागले, तरी ते हिशेब होऊन दिलेले देणे असेल.